तालमीतनं ज्युदोला जाताय? आधी पडायला शिका

गेल्या महिन्यात तिघांनी विचारलं, दादा कुस्ती चालू आहे, सोबत ज्युदो नाहीतर किकबॉक्सिंग लावू का? लावा की. फक्त माझ्यासारखा हात घालवून बसू नका.

मी दहाव्या वर्षापासनं तालमीत. पहाटे साडेचारला उठायचं, हौद म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा उकरायचा, जोर मारायचे, मग जोड धरायची, म्हणजे जोडीदाराशी लढायचं. बारावीनंतर संध्याकाळी ज्युदो लावलं. सकाळी माती, संध्याकाळी मॅट, वाटलं आता आपण लै भारी होणार. सरांनी पहिले काही आठवडे नुसतं पडायला लावलं. उकेमी म्हणतात त्याला, हनुवटी छातीला लावायची, अंग गोल करायचं आणि पाठ टेकता टेकता हात पंजापासनं सपाट मॅटवर आपटायचा. मी दोन दिवस केलं आणि कंटाळलो. म्हटलं लहानपणापासनं पडतोय, मला काय पडायला शिकवता.

इथंच माती खाल्ली. कुस्तीत पाठ लागली की चीत, विषय संपला. त्यामुळं वर्षानुवर्षं अंगात एकच भिनतं, मेलास तरी पाठ लावून द्यायची नाही, हवेत असलास तरी फिर, हात टेक, पोटावर ये. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी. हौदात हे खपून जातं कारण तिथली माती उकरून, तेल-ताक-हळद घालून मऊ केलेली असते, हात टेकला तर माती थोडी सरकते. मॅट सरकत नाही. वरनं ज्युदोत समोरच्यानं तुमची बाही धरलेली असते म्हणजे टेकायला एकच हात मोकळा. तिसऱ्या आठवड्यात माझ्यापेक्षा दहा किलो हलक्या पोरानं मला खांद्यावरनं घेतलं, मी सवयीनं हवेत फिरलो, मोकळा हात ताठ खाली टेकला आणि सगळं वजन त्याच्यावर आलं. कोपर निखळलं. हात गळ्यात, चार महिने जोर बंद, आणि आजही ते कोपर पूर्ण सरळ होत नाही.

बरं, पोटावर आलात म्हणून सुटलात असंही नाही. कुस्तीत पालथं पडून तग धरता येतो, ज्युदोत मागनं कॉलर धरून गळा आवळतात. ब्राझिलियन जिजुत्सूत तर पाठ देण्याइतकी, म्हणजे समोरच्याला मागं येऊ देण्याइतकी वाईट जागा नाही, तिथली पोरं उलट मुद्दाम पाठ जमिनीला लावून पायांनी खेळतात. आपला लाडका पट, म्हणजे पाय धरून पाडायचा डाव, तो पण विसरा, 2010 पासनं ज्युदोत थेट पाय धरायला बंदी आली. हे डोक्याला कळतं हो, पण दमल्यावर डोकं चालत नाही, अंग जुनंच करतं.

घाबरू नका पण. खाशाबा जाधव 1948 ला लंडन ऑलिम्पिकला मॅटवर उतरले तेव्हा जवळजवळ सगळी तयारी मातीतली, सहावे आले. 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ. त्यांना चार वर्षं लागली, तुम्हाला चार महिन्यात जमलं नाही तर रडायचं काय कारण?

माझं स्पष्ट मत, एक खेळ निदान दोन-तीन वर्षं मुरल्याशिवाय दुसरा लावू नये आणि एकावेळी दोन नवे तर कधीच नाही. तीन खेळ एका फीमध्ये शिकवणाऱ्यांकडं जाऊ नका. रीलवर बघून गळा आवळायचे डाव मित्रावर करू नका, खरंच. आणि वस्तादांपासनं लपवू नका. मी लपवलं होतं. हात गळ्यात घेऊन गेलो तेव्हा म्हाताऱ्यानं नुसतं बघितलं, म्हणाले, "पैसे भरून पडायला गेलतास, ते तरी नीट शिकायचं की मर्दा." त्या दिवसापासनं मी रोज तीस वेळा पडतो.

किकबॉक्सिंगचं मला फार कळत नाही. मर्दानी खेळ, म्हणजे लाठी-तलवारीचा आपला जुना खेळ, मात्र कुणी शिकवत असेल तर जरूर करा, पवित्र्यानं पाय हलके होतात.

आणि हां, तालमीतनं थेट मॅटवर जाऊ नका, आंघोळ करून जा. पांढऱ्या गीवर, म्हणजे ज्युदोच्या कपड्यांवर, तांबडी माती दिसली की सर ओरडतात ते सोडा, गजकर्ण एकाला झालं की बॅचमध्ये पसरतं.