कोरिलेशन काढायचंय? आधी स्कॅटर प्लॉट बघा

एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये कोरिलेशन, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती बदलतात याचा आकडा, काढणं म्हणजे चार क्लिकचं काम, अॅनालाइझमध्ये जा, कोरिलेट, मग बायव्हेरिएट, दोन्ही व्हेरिएबल उजवीकडच्या बॉक्समध्ये टाका आणि ओके दाबा. पण त्याच्या आधी ग्राफ्समधून स्कॅटर प्लॉट, म्हणजे प्रत्येक नोंदीचा एक ठिपका असलेला आलेख, काढाच, अगदी कळकळीने सांगतोय. माझ्या डेटात वयाच्या कॉलममध्ये ज्यांनी उत्तर दिलं नव्हतं त्यांच्यापुढे 999 भरलेलं होतं, ते मिसिंग आहे हे सॉफ्टवेअरला सांगायचं राहून गेलं आणि आकडा भलताच आला. प्लॉट काढला तेव्हा दिसलं, सगळे ठिपके डावीकडे एका गठ्ठ्यात आणि तीनच ठिपके पार उजव्या टोकाला. व्हेरिएबल व्ह्यूमध्ये मिसिंगच्या खान्यात 999 टाकलं, मग कुठे खरा आकडा आला.

अॅन्सकोंब या संख्याशास्त्रज्ञाने 1973 मध्ये हेच दाखवून दिलंय. त्याच्या चार डेटासेटमध्ये प्रत्येकी 11 पॉइंट आहेत आणि चारही ठिकाणी आर, म्हणजे कोरिलेशनचा आकडा, साधारण 0.82 येतो, पण प्लॉट बघा, एकात नीट सरळ कल, एकात चक्क वक्ररेषा, एकात सरळ रेषेपासून एकच ठिपका फटकून, आणि एकात तर एक्सची किंमत 10 वेळा 8 आणि एकदाच 19, म्हणजे सगळं कोरिलेशन त्या एका ठिपक्यावर उभं! आर याच नावाचं एक सॉफ्टवेअरही आहे, त्यात हा डेटा आधीपासूनच असतो, स्वतः काढून बघा.

आता पद्धत कुठली निवडायची? नातं सरळ रेषेतलं असेल तर पिअर्सन. एक वाढलं की दुसरं वाढतंच पण सरळ रेषेत नाही, किंवा डेटा रँकचा आहे, तर स्पिअरमन. सॅम्पल लहान आणि सारख्या रँक खूप असतील तर मी केंडॉल टाऊ-बी घेतो. तिन्हींचे चेकबॉक्स त्याच विंडोत आहेत. नातं यू आकाराचं असेल तर मात्र यातलं काहीच चालत नाही, एक्स उणे 5 ते 5 आणि वाय त्याचा वर्ग घ्या, नातं पक्कं असून पिअर्सन शून्य येतो.

आउटपुटच्या टेबलमध्ये तोच आकडा दोनदा दिसतो, त्याने गोंधळू नका. आरपुढच्या स्टारवर भाळू नका, तो फक्त पी व्हॅल्यू (खरं नातं नसतानाही इतका आर योगायोगाने येण्याची शक्यता) लहान असल्याची खूण आहे, 1000 जणांच्या डेटात आर फक्त 0.08 असला तरी पी 0.05 च्या खाली जातो, आणि 10 जणांच्या डेटात 0.60 येऊनही जात नाही. आर 0.50 म्हणजे निम्मं नातं असंही नाही, वर्ग केला की 0.25, म्हणजे एका व्हेरिएबलमधल्या फरकातला चौथा हिस्साच दुसऱ्याने समजावला गेला.

आर सॉफ्टवेअरमध्ये एक रिकामी नोंद असली तरी कॉर फंक्शन सरळ एनए (म्हणजे आकडा उपलब्ध नाही) देतं, तिथे फक्त पूर्ण जोड्या घ्यायला सांगावं लागतं. एसपीएसएस मात्र न सांगता जोडीजोडीने वगळतं, त्यामुळे तीन-चार व्हेरिएबल एकदम टाकले असतील तर प्रत्येक खान्यातला एन, म्हणजे नोंदींची संख्या, वेगळा असू शकतो, रिपोर्टमध्ये आरच्या शेजारी तोही लिहा.