लाकूड फोडायचं हायड्रॉलिक मशीन घेताय? नुसत्या टनांच्या मागे लागू नका, या चुका टाळा

घरच्या जळणासाठी लॉग स्प्लिटर घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती टनांचा घेऊ? विक्रेता एक आकडा सांगतो, आपण त्याच्या वरचा मागतो आणि गणित तिथेच चुकायला लागतं. घरगुती वापरात ताकद कमी पडली म्हणून मशीन नकोसं झालं, असं क्वचितच होतं. बहुतेकांना त्रास होतो तो मंद चालीचा, चुकीच्या उंचीचा आणि ऑइलकडे केलेल्या दुर्लक्षाचा.

स्टिकरवरचे टन तसेच मान्य करणं

टनांचा आकडा तुम्हाला स्वतः तपासता येतो. त्यासाठी दोनच गोष्टी लागतात, सिलिंडरचा आतला व्यास आणि पंपाचं कमाल प्रेशर. व्यासाचा वर्ग करा, त्याला ०.७८५ ने गुणा आणि आलेल्या क्षेत्रफळाला प्रेशरने गुणा. सिलिंडर ४ इंची आणि प्रेशर ३००० पीएसआय (दर चौरस इंचावर ३००० पौंड) असेल, तर क्षेत्रफळ साडेबारा चौरस इंचांच्या आसपास येतं आणि जोर साधारण ३७,७०० पौंड, म्हणजे १७ मेट्रिक टन. तेच प्रेशर ५ इंची सिलिंडरला दिलं तर साधारण २६ ते २७ टन मिळतात. आता ४ इंची सिलिंडरवर कुणी ‘३० टन’ लिहिलं असेल, तर त्याला प्रेशर विचारा. उत्तर नीट मिळालं नाही तर ते मशीन सोडून द्या. अमेरिकी पद्धतीचा टन २००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोचा असतो. त्यामुळे त्या मोजमापात आकडा थोडा फुगलेला दिसतो. ती फसवणूक नव्हे, पण दोन मशीनची तुलना करताना हे लक्षात ठेवा.

टन पाहिले, सेकंद पाहिलेच नाहीत

माझ्या मते खरेदीतली सगळ्यात महागात पडणारी चूक ही आहे. सिलिंडरमधून निघणारा, जोर लावणारा दांडा पुढे जाऊन मागे यायला किती सेकंद लागतात, यावर तुमचा अख्खा दिवस ठरतो.

४ इंची सिलिंडर आणि २४ इंचांचा स्ट्रोक (दांड्याची पूर्ण चाल) असेल तर दांडा पूर्ण बाहेर यायला सुमारे ५ लिटर ऑइल लागतं. पंप मिनिटाला ४० लिटर देत असेल तर हे काम सात-आठ सेकंदांत होतं. मिनिटाला ११ लिटरच देत असेल तर २७ सेकंद लागतात, आणि परतीचा वेळ वेगळा. आता सिलिंडर ५ इंची करा. टन वाढतील, पण त्याच दांड्याला साडेसात लिटरांहून जास्त ऑइल लागेल. पंप तोच राहिला तर जास्त टनांचं मशीन आणखी मंद चालणार. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

म्हणून पंप दोन टप्प्यांचा आहे का, ते आवर्जून विचारा. असा पंप दांडा रिकामा पुढे जात असताना भरपूर ऑइल कमी प्रेशरने ढकलतो. पाचर लाकडाला भिडली आणि प्रेशर चढलं की तो आपोआप दुसऱ्या टप्प्यात जातो, म्हणजे ऑइल थोडं पण जोर पूर्ण. सरळ रेषांचं लाकूड तर बऱ्याचदा पहिल्या काही इंचांतच दुभंगतं, त्यामुळे पूर्ण जोर लागतो तो क्षणभरच. दांडा मागे आणायचा लिव्हर एकदा ढकलला की आपोआप अडकून राहतो का, हेही पाहा. राहत असेल तर तेवढ्या वेळात पुढचा ओंडका हाताशी घेता येतो.

शक्य असेल तर मशीन चालू करून दाखवायला सांगा आणि घड्याळ लावून वेळ मोजा.

स्वतःचं लाकूड न पाहता मशीन निवडणं

तुमच्याकडे ढिगात जे लाकूड येतं त्यातला नेहमीचा ओंडका किती जाड असतो? सगळ्यात मोठा किती आहे ते विचारत नाही, नेहमीचा सांगा. सरळ तंतूंचे, वीतभर जाडीचे ओंडके असतील तर विजेवर चालणारं ५ ते ७ टनांचं छोटं मशीन पुरतं. गाठी असलेलं, फांद्या फुटलेल्या जागचं किंवा निलगिरीसारखं पिळलेल्या तंतूंचं लाकूड जास्त जोर मागतं. अशा लाकडासाठी आणि दीड-दोन फुटी बुंध्यांसाठी २० टनांच्या पुढचं पेट्रोल मशीन बघावं. वर्षातून एखादाच असा बुंधा येत असेल तर त्याच्यासाठी मोठं मशीन पोसू नका. चेनसॉने त्याचे आधी दोन-चार भाग करा.

लांबी हा दुसरा मुद्दा. ओंडके चुलीच्या तोंडापेक्षा थोडे आखूड कापायचे असतात, त्यामुळे फार लांब स्ट्रोकची गरज सहसा पडत नाही. उलट लहान ओंडक्यासाठी लांब स्ट्रोक म्हणजे प्रत्येक वेळी दांड्याची रिकामी ये-जा. दांडा मध्येच थांबवणारा स्टॉप असेल तर हा वेळ वाचतो.

जड बुंधे उचलून आडव्या मशीनवर ठेवणं हे कंबर धरायचं हमखास कारण आहे. ज्यांच्याकडे असे बुंधे येतात त्यांनी उभं करता येणारं मशीन घ्यावं. त्यात बुंधा नुसता लोटत नेऊन पाचरीखाली सरकवता येतो. बारीक ओंडक्यांना मात्र कमरेच्या उंचीचं आडवं मशीनच सोयीचं. तासभर वाकून काम केलं की टन कितीही असोत, मशीन नकोसं होतं.

एका फटक्यात चार तुकडे करणारी पाचर आकर्षक दिसते. तिला जोर बराच जास्त लागतो, त्यामुळे छोट्या मशीनवर ती गाठीच्या लाकडात रुतून बसते.

वीज की पेट्रोल

बंदिस्त शेडमध्ये काम असेल तर वीजच. पेट्रोल इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय जीव घेतो, आणि दार उघडं ठेवणं हा त्यावर उपाय नाही. विजेच्या मशीनची नेहमीची तक्रार म्हणजे ‘मोटर गुणगुणते, पण जोर नाही’. मोटरला दोष देण्याआधी वायर बघा. लांब आणि बारीक एक्स्टेंशनमध्ये व्होल्टेज पडतं आणि मोटर तापते. माहितीपुस्तिकेत दिलेल्या जाडीची वायर घ्या, ती गरजेपेक्षा लांब नको आणि वापरताना तिची गुंडाळी पूर्ण उलगडा.

बिघाड वाटतो, पण दोष ऑइलचा किंवा हवेचा असतो

छोट्या विजेच्या अनेक मशीनवर ऑइलच्या टाकीपाशी हवा सुटायचा एक लहान स्क्रू असतो. काम सुरू करण्यापूर्वी तो पुस्तिकेत सांगितले असतील तेवढे आटे सैल करायचा आणि मशीन हलवण्यापूर्वी परत घट्ट आवळायचा. तो बंद ठेवून मशीन चालवलं की आत कोंडलेली हवा दर फेरीला दाबली जाते आणि सील फाटतं. नवं मशीन पहिल्याच आठवड्यात गळायला लागलं तर आधी या स्क्रूकडे पाहा.

ऑइलची पातळी दांडा पूर्ण आत घेऊनच बघायची. दांडा बाहेर असताना सिलिंडरमध्ये जास्त ऑइल असतं आणि टाकीत पातळी कमी दिसते. तेव्हा टाकी काठोकाठ भरली तर दांडा मागे येताच ऑइल उतू जातं.

दांडा धक्के देत चालतो, पंप किरकिरतो, ऑइलवर फेस दिसतो: ऑइल कमी आहे, नाहीतर पंपाकडे जाणाऱ्या पाइपातून हवा शिरते आहे. तिथला क्लॅम्प तपासा. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय, ते बदलावंच लागेल. थंडीत सकाळी दांडा रेंगाळत असेल तर ऑइल घट्ट झालंय. काही मिनिटं मशीन रिकामं चालू ठेवा.

इंजिन व्यवस्थित चालतंय आणि दांडा मात्र जागचा हलत नाही, तर इंजिन बंद करून इंजिन आणि पंप यांच्यामधलं कपलिंग बघा. त्यातला रबरी भाग झिजून तुकडे झालेला सापडतो. भाग स्वस्त असतो, आणि तो न पाहता लोक पंपच बदलून बसतात. दांडा झरझर पुढे जातो पण लाकडाला टेकला की थांबतो, तर रिलीफ व्हॉल्व्ह (प्रेशर मर्यादेला पोचलं की ऑइल परत टाकीत सोडणारा) लवकर उघडत असेल किंवा पिस्टनच्या सीलमधून ऑइल आतल्या आत पलीकडे जात असेल. इथे प्रेशर गेज लावून तपासणाऱ्या मेकॅनिकला बोलवा. जोर वाढवायला रिलीफ व्हॉल्व्ह आवळत बसू नका. होज (ऑइलचे लवचिक पाइप), सिलिंडर आणि वेल्डिंग ठरलेल्या प्रेशरसाठीच बनवलेलं असतं.

फोडताना

ओंडका फुटत नसेल तर लिव्हर दाबून धरू नका. काही सेकंदांतच ऑइल तापायला लागतं. दांडा मागे घ्या, ओंडका फिरवा, गाठ नसलेल्या टोकाकडून पाचर घाला किंवा कडेने फळ्या काढत या. टोकं तिरकी कापलेला ओंडका दाबाखाली उसळतो, म्हणून कापतानाच टोकं सरळ ठेवा. ओंडका आडवा टाकून तंतू तोडायला जाऊ नका, त्याचे तुकडे उडून तोंडावर येऊ शकतात.

लिव्हर एकाच्या हातात आणि लाकूड धरणारा दुसरा, ही जोडी बोटं घालवते. जो लाकूड ठेवेल त्यानेच लिव्हर चालवायचा. दोन हातांनी चालणाऱ्या मशीनचा एक लिव्हर दोरीने बांधून ठेवला असेल, तर ती दोरी आजच सोडा.

होजमधून बारीक गळती दिसली तर बोट फिरवून शोधू नका. मशीन बंद करा, लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब उतरवा आणि मगच होज तपासा. चालू मशीनवर गळती शोधायचीच असेल तर लांबून पुठ्ठा धरा. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारी धार कातडी भेदून ऑइल आत घालते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण आतल्या पेशी मरत जातात. असं झालं तर वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि ‘हायड्रॉलिक ऑइल प्रेशरने हातात शिरलंय’ असंच सांगा, म्हणजे साधी जखम समजून पट्टी बांधून घरी पाठवणार नाहीत.