नवा अभ्यासक्रम आणि दोन मास्तरांची शाळा

आमची शाळा झरी-जामणी तालुक्यात, कोलाम आदिवासींच्या पोडाला, म्हणजे वस्तीला लागून. वर्ग पहिली ते पाचवी, खोल्या दोन, शिक्षक दोन. त्यातला एक मी, आणि मुख्याध्यापकाचा प्रभारही माझ्याच गळ्यात. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबानं साठपर्यंतच्या पटाला दोनच शिक्षक मिळतात. नव्या अभ्यासक्रमाच्या प्रशिक्षणात मात्र सगळं एका वर्गाला एक शिक्षक आहे असं धरून सांगतात. म्हणून आपल्यासारख्या शाळांनी काय करावं, ते लिहितो.

आधी कागदांचं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 चं, पायाभूत स्तराचा, म्हणजे तीन ते आठ वर्षांच्या पोरांचा, राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2022 चा, शालेय शिक्षणाचा 2023 चा आणि त्यावरून राज्याचे आराखडे 2024 चे. सगळं वाचायला बसलात तर सोयाबीन निघेल. पायाभूत स्तराच्या राज्य आराखड्यातून पहिली-दुसरीच्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे पोराला काय यायला पाहिजे ते, तेवढ्या वाचा, बाकीचं शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, वाटून घ्या. एका शाळेनं एक प्रकरण वाचून अर्ध्या तासात सांगायचं. केंद्रप्रमुख नाही म्हणत नाहीत, त्यांच्या अहवालाचंही काम होते.

नवा अभ्यासक्रम कोणत्या वर्गाला कधी, त्या टप्प्यांवर फार विसंबू नका. 2025-26 ला पहिली, 2026-27 ला दुसरी, तिसरी, चौथी नि सहावी, पाचवी त्याच्या पुढच्या वर्षी, असं एप्रिल 2025 मध्ये जाहीर झालं. त्याच निर्णयात पहिलीपासून तिसरी भाषा होती. 29 जूनला ते मागे घेतल्याचं जाहीर झालं, तेव्हा विदर्भातल्या शाळा उघडून आठवडाही झाला नव्हता. ज्यांनी वेळापत्रक कार्डशीटवर स्केचपेननं सजवलं, त्यांना नवी कार्डशीट आणावी लागली. आमचं फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं असते.

तारखा बदलल्या तरी जे बदलणार नाही त्याची तयारी उन्हाळ्यात करावी. त्यातलं पहिलं म्हणजे अंगणवाडी. नव्या रचनेत तीन ते आठ वर्षं हा एकच स्तर आहे, म्हणजे अंगणवाडीची तीन वर्षं आणि आपली पहिली-दुसरी. पण अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडे, आपण शालेय शिक्षण खात्याकडे. पत्राची वाट पाहू नका, मार्चमध्येच सेविकाताईंकडे जाऊन बसा. जूनमध्ये दाखल होणाऱ्या प्रत्येक पोराबद्दल तीनच गोष्टी विचारा: घरी काय बोलते, कोणाला धरून राहते, हातात काय दिलं की रमते. आमच्याकडे निम्मे पोट्टे घरी कोलामी बोलतात. ताईंच्या मदतनीस त्याच पोडातल्या. त्यांच्याकडून घरातल्या, रानातल्या वस्तूंची नावं विचारून चित्राखाली देवनागरीत लिहून घेतली आणि तेच तक्ते पहिलीच्या भिंतीवर लावले. मराठी शब्द त्याखाली.

शाळापूर्व तयारीचा पहिला मेळावा एप्रिलमध्ये येतो, नेमका मोहफुलांच्या दिवसांत. सकाळी आठचं निमंत्रण दिलं तर एक आई म्हणाली, "गुरुजी, मोहाचे दिस हायेत, सकायी कोण येईन?" तिचं बरोबरच होतं, पहाटे झाडाखाली गेलेली बाई उन्हं चढल्यावर परतते. मेळावा संध्याकाळी पाचला ठेवा. टेबलं कमी पडली तर सतरंजी चालते, पण विकासपत्र, म्हणजे पोराला काय जमते त्याची नोंद, पोरासमोर आणि आईसमोरच भरा, नंतर ऑफिसात बसून नाही. मुलाला काय जमते हे आईला तिथंच दिसलं, तर पुढे "नुसते खेळच खेळवता का?" हा प्रश्न कमी येतो.

आता वेळापत्रक. खरी गाठ इथंच आहे. एका खोलीत नवं पुस्तक नि जुनं पुस्तक एकाच वेळी चालवायचं तर वर्गवार तासिका सोडा. आम्ही असं करतो: पोषण आहाराच्या सुट्टीआधी मी पहिली-दुसरी घेऊन व्हरांड्यात, जोडीदार तिसरी ते पाचवीचं गणित घेतो. सुट्टीनंतर उलट, मोठे माझ्याकडे भाषेला. मोठ्यांना दिलेलं काम असं असावं की मध्येच उठून विचारावं लागणार नाही, नाहीतर व्हरांडा मोडतो. एका शिक्षकाला प्रशिक्षणाला बोलावलं त्या दिवसाचं वेळापत्रक वेगळं लिहून ठेवा. तो दिवस येतोच.

साहित्यासाठी पेटी येईल तेव्हा येईल. मोजायला तुराट्या घ्या. पऱ्हाटीच्या काड्या फुकट मिळतात, पण त्यांना फांद्या, गाठी, बोटाला ओरखडे. तुराटी सरळ असते. वीतभर तुकडे करा, टोकं फरशीवर घासून बोथट करा, दहा-दहाचा गठ्ठा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या रिंगनं बांधा. दोरा नको, पोरांना सोडता येत नाही, आणि दशक सुटून एकक होतात हे त्यांनीच सोडून पाहायचं असते. सत्तावीस मागितले की दोन गठ्ठे नि सात सुट्या उचलणारं पोर वजाबाकीला अडत नाही. चिंचोके रंगवून ठेवा, तुरीचे दाणे मात्र लहानांना देऊ नका, नाकात घालतात.

समग्र प्रगतीपत्रकाची धास्ती घेऊ नका. 2010 पासून आपण आकारिक नोंदी, म्हणजे वर्षभर पोराला पाहून केलेल्या नोंदी, लिहितोच आहोत, फक्त आता पोराचं स्वतःचं नि पालकाचं मतही येते. अडचण वेचणीच्या दिवसांत होते, तेव्हा पालक भेटत नाहीत आणि मोठी पोरंही कापसात असतात. पालकांचे रकाने पोळ्याच्या आसपास भरून घ्या.

राहिली पुस्तकं. नवी आली म्हणून जुन्यांचा गठ्ठा रद्दीत घालू नका. ज्या वर्गाचा टप्पा यायचा आहे त्याचे संच वेगळे बांधा, वर वर्ग आणि वर्ष लिहा, आणि भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळीवर ठेवा. वाळवीला नवा-जुना अभ्यासक्रम कळत नाही.