खिडकीच्या उजेडात शांत पोर्ट्रेट फोटो कसा काढाल

उत्तरेकडची खिडकी निवडा. तिथे थेट ऊन कमी येतं, त्यामुळे उजेड मऊ आणि बराच वेळ एकसारखा राहतो. महाराष्ट्रात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्यही उत्तरेला कललेला असतो. तेव्हा पातळ पांढरा सुती पडदा ओढून घ्या. ट्यूब, बल्ब सगळे बंद. एक जरी चालू राहिला तर गालाची एक बाजू पिवळट किंवा हिरवट होते आणि एडिटिंगमध्ये ते नीट निघत नाही.

बसणाऱ्याचं स्टूल खिडकीपासून ३-४ फुटांवर ठेवा आणि मागची भिंत स्टुलापासून किमान ५ फूट लांब असू द्या. भिंत जवळ असली की तिचे पोपडेसुद्धा फोकसमध्ये येतात. कॅलेंडर, घड्याळ, खिळा, सगळं काढा. मोकळ्या भिंतीवर एकटा स्विचबोर्ड फार खुपतो. चादर लावायची तर इस्त्री करून, ताणून. बाजूचा उजेड एकही चुणी लपू देत नाही. कपडेही एकरंगी, बिनछापाचे हवेत.

चेहऱ्याच्या दुसऱ्या, खिडकीच्या विरुद्ध बाजूला थर्माकोलची पांढरी शीट धरली की सावली उजळते. आधी मात्र तिथे, चेहऱ्यापासून दोन फुटांवर, काळी शाल टांगून पाहा. सावली गडद होते, गालाचं हाड उठून दिसतं आणि चेहरा एकदम गंभीर, निवांत वाटतो. आम्हाला शालच जास्त आवडते.

लेन्स ५० किंवा ८५ मिमी, अ‍ॅपर्चर (लेन्स किती उघडते ते) एफ/२.८ ते एफ/४, शटर १/१२५ सेकंद, आयएसओ (उजेडासाठीची संवेदनशीलता) ४०० ते ८००. फोकस कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर. पार्श्वभूमी काळी असेल तर कॅमेरा चेहरा पांढराफटक करतो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली आणा (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). मोबाइलवर २एक्स झूम वापरा, कारण १एक्सने जवळ गेलं की नाक मोठं दिसतं.

खरा वेळ बसणाऱ्याला द्या. १८१५ साली कलकत्त्यात जन्मलेल्या फोटोग्राफर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या पोर्ट्रेटसाठी माणसाला कित्येकदा काही मिनिटं न हलता बसावं लागे. इतका वेळ ओढूनताणून आणलेलं हसू टिकत नाही. आज शटरला क्षणही लागत नाही, तरी ती मिनिटं द्याच: दहा मिनिटं नुसतं बसू द्या, फोन बाहेर ठेवून. हात मांडीवर, एका तळव्यावर दुसरा, सैल. मूठ आवळली की खांदे वर जातात. मान हळूहळू खिडकीकडे वळवायला सांगा. सावलीतल्या डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उमटला की तिथेच थांबवा. डोळ्यात खिडकीचा पांढरा ठिपका दिसायलाच हवा. तो नसेल तर हनुवटी जास्त खाली गेलेली असते.

‘हसा’ म्हणू नका. डोळे मिटून सावकाश श्वास सोडायला सांगा. श्वास संपताना खांदे उतरतात, जबडा सैलावतो, ओठ किंचित विलग होतात. मग डोळे उघडू द्या आणि पहिल्या एक-दोन सेकंदांत क्लिक करा; त्यानंतर नजर पुन्हा सावध होते.

नजर ज्या बाजूला, तिकडे फ्रेममध्ये जास्त जागा सोडा. एडिटिंगमध्ये कातडी गुळगुळीत करू नका; खिडकीच्या उजेडाने टिपलेली छिद्रं, लव, डोळ्यांभोवतीच्या रेषा तशाच राहू द्या.