इलॅस्टिकसर्च क्लस्टरवर आत्ता कोणती कामे चालू आहेत, ते कसे पाहावे

इलॅस्टिकसर्च (मोठ्या डेटात शोध घेणारी प्रणाली) वापरताना शोध अचानक मंदावला, सीपीयू चढलेलाच राहिला, की पहिला हात नोड, म्हणजे त्यातला एक सर्व्हर, रीस्टार्ट करण्याकडे जातो. त्याआधी क्लस्टरलाच, म्हणजे एकत्र चालणाऱ्या या नोडच्या गटालाच, विचारा की तू आत्ता काय करतो आहेस. उत्तर काही क्षणांत मिळते, आणि बहुतेक वेळा रीस्टार्टची गरजच उरत नाही.

खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये किंवा किबाना या इलॅस्टिकसर्चच्या वेब पडद्यावरील डेव्ह टूल्समध्ये त्या रोमन अक्षरांत द्यायच्या. सुरक्षा चालू असेल तर कामांची यादी पाहायला ‘मॉनिटर’ आणि काम रद्द करायला ‘मॅनेज’ हा क्लस्टर-अधिकार लागतो.

१. आधी ढोबळ चित्र बघा. ‘गेट _कॅट/टास्क्स?व्ही’ ही विनंती तक्ता देते: कृती, कामाचा आयडी, मूळ कामाचा आयडी, सुरू झाल्याची वेळ, किती वेळ चालू आहे, कोणत्या नोडवर. यादी मागवण्याची तुमची स्वतःची विनंतीही त्यात दिसेल, तिच्याकडे दुर्लक्ष करा. नजर फक्त वेळेच्या रकान्यावर ठेवा. मिलिसेकंदांत संपणाऱ्या शेकडो ओळींत मिनिटे खाणारी एखादी ओळ लगेच उठून दिसते.

२. आता खोलात जा. ‘गेट _टास्क्स?डिटेल्ड=ट्रू&ॲक्शन्स=*सर्च*’ दिले की फक्त शोधाची कामे येतात, आणि ‘डिस्क्रिप्शन’मध्ये कोणत्या इंडेक्सवर (कागदपत्रांच्या संचावर) कोणती क्वेरी (शोधाची मागणी) चालली आहे तेही दिसते. ‘डिटेल्ड’ विसरलात तर क्वेरी दिसणार नाही आणि यादी पाहूनही हाती काही लागणार नाही. इथे वेळ नॅनोसेकंदांत असते. १ अब्जाने भागले की सेकंद मिळतात.

३. मूळ काम शोधा. एक शोध अनेक शार्डवर, म्हणजे इंडेक्सच्या तुकड्यांवर, पसरतो आणि प्रत्येक शार्डचे उपकाम वेगळी ओळ म्हणून दिसते. त्यामुळे पन्नास ओळी म्हणजे पन्नास शोध नव्हेत. ‘ग्रुप_बाय=पेरंट्स’ जोडले की उपकामे आपापल्या मूळ कामाखाली येतात. ही पायरी गाळू नका, कारण रद्द करायचे ते मूळ काम. ते रद्द झाले की उपकामेही थांबवली जातात.

४. काम कोणाचे आहे ते ओळखा. याची तयारी मात्र आधीच करावी लागते. प्रत्येक ॲप्लिकेशनने आपल्या विनंतीसोबत ‘एक्स-ओपेक-आयडी’ हा हेडर (विनंतीला जोडलेली ओळखचिठ्ठी) पाठवावा. तो कामांच्या यादीत ‘हेडर्स’खाली दिसतो. अनेक संघ एकच क्लस्टर वापरत असतील तर हा नियम आजच लावून घ्या. मालक ठाऊक नसलेले काम रद्द करणे म्हणजे कुणाचा तरी रात्रभराचा अहवाल अर्ध्यावर तोडण्याची जोखीम.

५. गरज पडली तरच रद्द करा. कामाचा आयडी नोडचा आयडी, अपूर्णविराम (:) आणि क्रमांक असा असतो. ‘पोस्ट _टास्क्स/आयडी/_कॅन्सल’ द्या. यादीत त्या कामापुढे ‘कॅन्सलेबल’ ट्रू असेल तरच हे चालते. काम त्याच क्षणी नाहीसे होईलच असे नाही. ते सुरक्षित टप्प्यावर थांबते, म्हणून थोडे थांबून यादी पुन्हा पाहा. रीइंडेक्स (एका इंडेक्सची कागदपत्रे दुसऱ्यात उतरवणे) मध्येच रद्द केले तर तोवर लिहिलेली कागदपत्रे नव्या इंडेक्समध्ये तशीच राहतात, ती आपोआप मागे घेतली जात नाहीत.

मोठे रीइंडेक्स सुरू करताना ‘वेट_फॉर_कम्प्लीशन=फॉल्स’ द्यावे. लगेच आयडी मिळतो आणि ‘गेट _टास्क्स/आयडी’ने एकूण किती, त्यातली किती झाली हे कधीही पाहता येते. भार फार होत असेल तर रद्द करण्याऐवजी ‘_रीथ्रॉटल’ने वेग कमी करा, झालेले काम वाया जात नाही.

यादीत लांबलेले काहीच नाही आणि तरी क्लस्टर अडकलेला आहे? मग ‘गेट _क्लस्टर/पेंडिंग_टास्क्स’ पाहा. ही वेगळी रांग आहे: इंडेक्स बनवणे, मॅपिंग (कोणत्या रकान्यात कोणत्या प्रकारची माहिती, याचा आराखडा) बदलणे, शार्ड हलवणे असे मास्टर नोडपाशी (क्लस्टरचा कारभार सांभाळणाऱ्या नोडपाशी) खोळंबलेले बदल तिथे दिसतात. तीही रिकामी असेल तर ‘गेट _नोड्स/हॉट_थ्रेड्स’ चालवा. कोणता थ्रेड (प्रोग्रॅममधला कामाचा धागा) सीपीयू खातो आहे ते तिथे कळेल.