मुलाची दाढ किडलीय आणि मूल गप्प गप्प झालंय? दोन्हीकडे एकत्र बघा

बारा-तेरा वर्षांचं पोर हसताना तोंडावर हात धरायला लागलं, एकाच बाजूने चावतंय, रात्री जागं आणि सकाळी शाळेची एसटी यायच्या वेळेला बरोबर पोटात दुखतंय, की आपण म्हणतो वयच आहे तसं, होईल सरळ. पण आधी खिडकीशी बसवून टॉर्च मारून तोंड बघा. दुसरी मोठी दाढ साधारण बाराव्या वर्षी येते, पार मागे, ब्रश तिथवर जातच नाही. खडूसारखा पांढुरका डाग ही किडीची सुरुवात, काळा खड्डा म्हणजे प्रकरण पुढे गेलंय.

दाढ ठणकली की झोप जाते, चिडचिड होते, वर्गात दातांवरून चिडवलं की मूल माणसांतच यायचं टाळतं. आणि उलटंही होतं बरं का, मन खचलं की उठून दात घासायचंही त्राण राहत नाही, गोड खाणं वाढतं. दात किडले म्हणजे डिप्रेशन असतंच असं नाही, पण दोन्ही असेल तर आधी काय झालं हे शोधत बसू नका, दोन्हीवर इलाज सुरू करा.

बोलायचं कसं? समोर बसवून चौकशी नको. नारळ सोलताना, ओटीवर बसल्या बसल्या विचारा, "दाढ दुखते काय रे? शाळेत कोण काय बोलतं काय?" आणि मग गप्प राहा, उत्तर यायला वेळ लागतो. आळशी, घाणेरडा हे शब्द तोंडातून काढू नका. गणपतीला मुंबईची मंडळी आली आणि कोणी काकी सगळ्यांसमोर "दात बघ कसे झालेत" म्हणाली तर तिला तिथेच थांबवा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

खाण्याचं म्हणाल तर आंबापोळी, फणसपोळी, जत्रेतलं खाजं बंद करायची गरज नाही, जेवणाबरोबर खाऊ दे आणि नंतर चूळ भरू दे. दुपारभर थोडं थोडं चघळणं वाईट, कारण दर वेळी पुढचा अर्धा तास तरी तोंडात आम्ल राहतं. गूळ चालतो हा गैरसमज, गुळानेही दात किडतात.

पेस्ट किमान १००० पीपीएम फ्लोराईडची, ट्यूबवर लिहिलेलं असतं. दोन वेळा घासायचं, फेस थुंकायचा, लगेच पाण्याने खळखळून धुवायचं नाही. मूल अगदीच खचलेलं असेल त्या दिवशी फक्त रात्रीचं घासणं धरा, अंथरुणात बसून केलं तरी चालेल. दाढ दुखते म्हणून आजीची मिश्री मात्र नको, तो तंबाखूच आहे.

जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग असतो, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम शाळेत तपासणीला येते त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचे दातही बघतात. मनासाठी टेली मानसचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मनाच्या आजाराची गोळी चालू असेल तर दातांच्या डॉक्टरांना नक्की सांगा, काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि लाळ कमी झाली की कीड वाढते, पण म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. गालाला सूज, ताप आला किंवा मूल "जगायचं नाही" असं काही बोललं तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि तोवर त्याला एकटं सोडू नका.