एक्सएसएलटीत टेम्प्लेट नावाने बोलावताना या चुका टाळा

एक्सएसएलटी म्हणजे एक्सएमएलचं रूपांतर करणारी भाषा, टेम्प्लेट म्हणजे तिच्यातला नाव देऊन बोलावता येणारा तुकडा, आणि पॅरामीटर, म्हणजेच पॅरम, म्हणजे त्याला पाठवलेली किंमत. "पॅरामीटर पाठवलाय, पण आत रिकामाच येतोय." हे ऐकलं की मी स्क्रीन न बघताच विचारतो, आतली अवतरणं घातलीस का? पॅरामीटर पाठवणाऱ्या विथ-पॅरम टॅगमध्ये सिलेक्ट="पुणे" लिहिलं की प्रोसेसर, म्हणजे एक्सएसएलटी चालवणारा प्रोग्रॅम, चालू नोडखाली (एक्सएमएलच्या ज्या भागावर काम चालू आहे त्याखाली) पुणे नावाचा एलिमेंट शोधतो. तो नसतोच. रिकामा संच मिळतो आणि एररही येत नाही. मजकूर पाठवायचा तर दुहेरीच्या आत एकेरी अवतरण हवं: सिलेक्ट="'पुणे'". याचंच भावंड म्हणजे विथ-पॅरमच्या पोटात नुसतं 'फॉल्स' लिहिणं. अटीत ते खरं ठरतं! सिलेक्टमध्ये फॉल्स() लिहा, कंसांसकट.

नावातल्या चुकीने मात्र माझी एक अख्खी रात्र खाल्ली आहे. एका ग्राहकाची बिलं छापायची होती. कराच्या टेम्प्लेटमध्ये पॅरमचं नाव 'टॅक्सरेट', सगळी अक्षरं लहान. बोलावताना मी मधला आर कॅपिटल केला. एक्सएसएलटीच्या आवृत्ती 1.0 मध्ये जाहीर न केलेला पॅरामीटर पाठवला तर तो मुकाट टाकून दिला जातो. त्यात मी 'सोय' म्हणून डीफॉल्ट 18 ठेवलेला. चाचणीला घेतलेल्या तिन्ही वस्तू नेमक्या 18 टक्क्यांच्याच, त्यामुळे बेरीज चोख. पाच टक्क्यांच्या मालावर 18 टक्के लागलेलं पहिलं बिल त्यांच्या हिशेबनिसाने पकडलं, संध्याकाळी सातला.

तेव्हापासून मी पॅरमचं नाव हाताने टाइप करत नाही, कॉपी करतो. पैशाच्या पॅरमला डीफॉल्ट देत नाही. 2.0 किंवा पुढचं असेल तर रिक्वायर्ड="येस" लावतो; तिथे कॉल-टेम्प्लेटला (टेम्प्लेट नावाने बोलावणारा टॅग) अनोळखी पॅरम पाठवला तर स्टाइलशीट, म्हणजे एक्सएसएलटीची फाइल, कंपाइलच होत नाही. 1.0 मध्ये टेम्प्लेटच्या सुरुवातीला एक्सएसएल:मेसेजने प्रत्येक पॅरम छापून बघतो. पोरं हसतात, हसू देत.

पॅरम टेम्प्लेटमध्ये सगळ्यात आधी, त्याच्या वर व्हेरिएबलही नको.

कॉल-टेम्प्लेटने चालू नोड बदलत नाही. बदलायचा तर निवडलेल्या नोडवर जुळणारं टेम्प्लेट चालवणारा अप्लाय-टेम्प्लेट्स.

नेटवरचं उत्तर चिकटवण्याआधी आवृत्ती बघा. एक्सएसएलटीप्रॉक हा प्रोसेसर आजही 1.0 च चालवतो, आणि 1.0 आहे 1999 ची.

आणि जावातून आलेल्या उतावळ्यांनो, इथे व्हेरिएबल वाढवता येत नाही. टेम्प्लेटने स्वतःलाच पुन्हा बोलवायचं, मोजणी अधिक एक करून पाठवायची. थांबायची अट आधी लिहा, मग बाकीचं.